चिनी भाषेतला राग, वीट आणि द्वेष : 'हन्' नेमकं कधी म्हणायचं?

चाफेकळी

मंडळी नमस्कार,

पुण्यात संध्याकाळच्या वर्गात चिनी (म्हणजे मँडरिन) शिकते आहे. कंपनीत चिनी अभियंते येऊन-जाऊन असतात, त्यांच्याशी बोलता यावं म्हणून सुरुवात केली आणि आता भाषेचीच गोडी लागली आहे.

प्रश्न एका क्रियापदाचा आहे. 'हन्', चिनीतल्या चार सुरांपैकी चौथा सूर, म्हणजे वरून खाली झटक्यात उतरणारा. पुस्तकात त्याच्यासमोर इंग्रजी अर्थ दिलाय 'हेट'. मग वर्गात जो तो त्याची वाक्यं करतो. मी सोमवारला हन्, मी कारल्याला हन्, मी ट्रॅफिकला हन्. आमच्या शिक्षिका दरवेळी मान हलवतात आणि म्हणतात, व्याकरण बरोबर आहे, पण असं कुणी म्हणत नाही.

मला वाटतं अडचण चिनीची नाहीच, मधे बसलेल्या इंग्रजीची आहे. इंग्रजीत हेट कशालाही चालतो. मराठीत आपण कारल्याचा द्वेष करतो का? कारलं आवडत नाही. सोमवारचा कंटाळा येतो, ट्रॅफिकचा वैताग येतो, आणि एखाद्याने विश्वासघात केला तरच द्वेषाची भाषा येते. एवढे बारीक भेद आपल्याकडे आयते असताना मराठी माणसाने चिनी भावना इंग्रजीच्या दारातून का शिकाव्यात?

इथे चीन, तैवान, सिंगापूरला राहिलेले बरेच जण आहेत. रोजच्या बोलण्यात 'हन्' कधी ऐकलंत? आणि त्याच्याऐवजी लोक काय म्हणतात?

(लिहिताना एक सोय करते. चिनीत आपल्यासारखे ब, ग, द नाहीत. रोमन लिपीत बी, जी, डी लिहितात ते कानाला प, क, त च्या जवळ लागतात आणि पी, के, टी हे फ, ख, थ च्या. त्यामुळे देवनागरीत मी प-फ, क-ख, त-थ असंच लिहीन.)

दगडफूल

उत्तम धागा. शांघायमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, त्या भरवशावर लिहितो.

तुमच्या शिक्षिका बरोबर सांगतात. 'वो हन् था' (मी त्याचा द्वेष करतो) असं कुणी म्हणालं तर ऐकणारा पहिला प्रश्न विचारेल, 'का, काय केलं त्याने तुझं?' म्हणजे हन् च्या मागे काहीतरी घडलेलं असावं लागतं. फसवणूक, अन्याय, सोडून जाणं. आणि ते मनात टिकून असतं. 'दहा वर्षं हन् केलं' हे वाक्य सहज चालतं. 'मी आत्ता हन् करतो आहे' असं चालू काळात मात्र सहसा कुणी म्हणत नाही. ती अवस्था आहे, कृती नाही.

सोमवार, कारलं, पाऊस, मोठ्याने फोनवर बोलणारा शेजारी या सगळ्यांसाठी 'थाओयेन'. 'वो त्सुई थाओयेन शिंगछी-ई', मला सोमवार अजिबात आवडत नाही. जुन्या सहा पायऱ्यांच्या एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेत थाओयेन चौथ्या पायरीवर आणि हन् पाचव्या पायरीवर होता, त्यात मला अर्थ वाटतो. आधी रोजचा लागणारा शब्द, मग जड शब्द.

आणि गर्दीत अडकलात, प्रिंटर बंद पडला, एकच माणूस चौथ्यांदा तेच विचारतोय, तर 'फान-सऽ-ल'. शब्दशः वैतागाने मेलो. दिवसातून कितीदा कानावर पडतं त्याची गणती नाही.

आगगाडी

थाओयेनबद्दल एक धोक्याची सूचना. चिनी मालिकांमध्ये नायिका लाजून, नायकाच्या दंडावर चापट मारून 'थाओयेन!' म्हणते तेव्हा तिला त्याचा अजिबात राग आलेला नसतो. ते आपलं 'चल, चावट कुठला' आहे. :)

चाफेकळी

@आगगाडी, हे मस्तच! म्हणजे सुरावरून ओळखायचं?

आगगाडी

सुरावरून आणि चापटीवरून. शेवटचा स्वर लांबला की समजायचं सगळं आलबेल आहे. तुटक आला तर खोलीतून निघा.

बोरूबहाद्दर

लिपीच्या बाजूने थोडं.

हन् च्या अक्षरात डावीकडे हृदयाची खूण असते. एक उभी रेघ आणि तिच्या दोन बाजूंना दोन ठिपके. मूळ 'हृदय' अक्षराचं हे अंग चोरून उभं राहिलेलं रूप. भीती, घाई, पश्चात्ताप, सवय अशा पुष्कळ मनोव्यापारांच्या अक्षरांत ते दिसतं. उजवीकडचा भाग उच्चार सुचवतो.

आता गंमत पाहा. 'खूप' या अर्थाचा शब्दही 'हन्' च, फक्त तिसरा सूर, खालीच रेंगाळणारा. त्याच्या अक्षराचा उजवा भाग अगदी तोच. डावीकडे हृदयाऐवजी चालण्याची, पावलांची खूण. त्यामुळे 'मी त्याचा खूप द्वेष करतो' हे वाक्य 'वो हन् हन् था' असं होतं. शिवाय 'वो' आणि पहिला 'हन्' दोन्ही तिसऱ्या सुरातले, आणि दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला चढा होतो. म्हणजे वो चढता, पहिला हन् खालचा, दुसरा हन् कोसळता. हे चार शब्द नीट म्हणता आले की सुरांचा अर्धा अभ्यास झाला असं मी मुलांना सांगतो.

आणि कृपया 'हेन' म्हणू नका. रोमन लिपीतला ई पाहून आपली जीभ तिकडे वळते. तो आपल्या 'मन', 'धन' मधल्या अ च्या जवळचा आहे.

सांजवेळ

+१ बोरूबहाद्दर. वाचनखूण साठवली.

काजवा

चाफेकळी, तुमच्या मूळ मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही. मराठी मधे आणली की दुसरी अडचण येते.

मराठीत भावना 'मला' होतात. मला राग येतो, मला कंटाळा येतो, मला कारलं आवडत नाही. भावना बाहेरून येते, मी ती सोसतो. चिनीत सरळ 'वो' म्हणजे 'मी'. मी हन्, मी थाओयेन, मी शीह्वान (आवडणं). कर्ता मी, कर्म समोरचा. हे इंग्रजीसारखंच झालं. मग वाक्यरचनेपुरतं इंग्रजीच जवळचं नाही का? माझ्या ओळखीतले मराठी विद्यार्थी सुरुवातीला 'मला' साठी चिनी शब्द शोधत बसतात, आणि तो तर नाहीच.

दगडफूल

@काजवा, मुद्दा चांगला आहे, पण अर्धाच.

'राग येणे' साठी चिनीत 'शङछी'. शङ म्हणजे उपजणे, छी म्हणजे वाफ, श्वास, आणि त्यावरून राग. याला थेट कर्म लागत नाही. 'मी त्याला शङछी' हे चूक. मग त्याच्यावर रागावलोय हे कसं सांगायचं? 'शङ था त छी'. शङ = उपजला, था त = त्याचा, छी = राग. उपजला त्याचा राग! आपण 'मला त्याचा राग आला' म्हणतो तेव्हा 'त्याचा' जिथे बसतो तिथेच तो चिनीतही बसतो. इंग्रजीत ही रचनाच नाही. 'शङ था त छी' अडखळणारे इंग्रजी माध्यमातले लोक मी पाहिलेत. मराठीत विचार केला तर ते एका दमात बसतं.

आणि 'मला' हवाच असेल तर तोही आहे. 'छी-सऽ-वो-ल'. छी = राग, सऽ = मरण, वो = मी, पण इथे मी शेवटी, कर्माच्या जागी. रागाने मला मारलं. इथे सोसणारा मीच.

काजवा

हे माहीत नव्हतं. 'छी-सऽ-वो-ल' ऐकलं होतं, पण त्यातला वो कर्माच्या जागी आहे हे लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद.

तरी हन् आणि थाओयेन च्या बाबतीत माझा मुद्दा उभा आहे. तिथे मीच कर्ता.

दगडफूल

उभा आहे, मान्य. पण 'मी द्वेष करतो' मध्येही मीच कर्ता आहे, आणि हन् चं भाषांतर आपण नेमकं तेच करतोय.

कोकणी_मेवा

सिंगापूरहून. लेक बालवाडीत असताना चिनी बोलायला शिकली ती आधी खेळण्यावरून झालेल्या भांडणांतून. 'थाओयेन' घरात रोज यायचा. भाताला, आंघोळीला, आजीच्या तेलाच्या बाटलीला. हन् मात्र तिच्या तोंडी कधीच नव्हता. पुढे एका मालिकेत कुणीतरी 'वो हन् नी!' (मी तुझा द्वेष करतो) ओरडलं तेव्हा तिने विचारलं, हा कोणता शब्द. मुलांच्या जगात तो नसतोच बहुतेक.

माझ्या शेजारच्या चिनी आजी सांगतात की आईवडिलांना उद्देशून हा शब्द आला तर घर दिवसभर गप्प होतं.

गाठोडं

माल आणायला यीवूला, चीनमधल्या घाऊक बाजाराच्या शहरात, जाणं-येणं असतं. आमच्या धंद्यात ना हन् ना थाओयेन. आमचा शब्द 'श्येन'.

श्येन म्हणजे नाक मुरडणं. पण कशासाठी मुरडलं ते लगेच सांगावं लागतं. श्येन महाग, श्येन जुनं, श्येन लांब. मी भाव पाडून मागितला की दुकानदारीण म्हणते, 'नी श्येन क्वे?' तुला महाग वाटतंय? पुढे गणकयंत्र सरकवते आणि म्हणते, तूच आकडा टाक.

त्यांची एक म्हण आहे : 'श्येन ह्वो छाय श माय ह्वो रन्'. मालाला नावं ठेवतो तोच खरा घेणारा. ज्याला घ्यायचं नाही तो छान छान म्हणून निघून जातो. ही म्हण कळल्यावर मी मनमोकळेपणी नावं ठेवू लागलो आणि व्यवहार सोपे झाले. आपल्याकडे मंडईत जाणाऱ्या कुठल्याही काकूला हे सांगायला नको.

कोकणी_मेवा

@गाठोडं, श्येन वरून त्या आजींनी सांगितलेली अजून एक म्हण. पोर आईच्या कुरूपपणाला श्येन करत नाही आणि कुत्रा घराच्या गरिबीला श्येन करत नाही.

सांजवेळ

मला दगडफूल यांच्या एका वाक्याला हरकत घ्यायची आहे. हन् च्या मागे कुणीतरी काहीतरी केलेलं असावं लागतं, असं ते म्हणतात. आजच्या बोलीत असेल. पण हा शब्द मुळात एवढा कडू नव्हता.

पाय च्युयी या कवीची इसवी सन ८०६ मधली 'छाङ हन् क' ही दीर्घ कविता घ्या. छाङ म्हणजे दीर्घ, न संपणारं. क म्हणजे गीत. मधला हन् तोच, हृदयाची खूण असलेला. थाङ घराण्याचा सम्राट श्वानत्सोङ आणि त्याची लाडकी याङ क्वेफे यांची ती कहाणी. आन लुशान या सेनापतीचं बंड झालं, ७५६ साली राजधानी सोडून पळताना माव्ये इथे सैनिक अडून बसले आणि सम्राटाला तिच्या मृत्यूला संमती द्यावी लागली. तो पुढे जगला, तिच्याशिवाय. कवितेच्या शेवटी कवी म्हणतो की आकाश आणि पृथ्वीलाही कधीतरी अंत आहे, पण हा हन् अखंड चालत राहील.

इथे कोण कुणाचा द्वेष करतंय? सैनिकांचा? अजिबात नाही. हा सल आहे. जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, आणि आता होणारही नाही. मराठीत याला मी खंत म्हणेन, पण खंत थोडी हलकी पडते.

त्याच बंडाच्या काळात, ७५७ मध्ये, तू फू हा कवी शत्रूच्या ताब्यातल्या राजधानीत अडकला होता. त्याची वसंतावरची आठ ओळींची कविता आहे. तिच्यात तो ताटातुटीचा हन् म्हणतो, इतका की पाखराच्या आवाजानेही काळीज दचकतं. तिथेही द्वेष लावून वाचलं तर ओळ मोडते.

म्हणून चाफेकळी, तुम्ही पुस्तकातल्या त्या इंग्रजी अर्थावर नाराज आहात ते योग्यच आहे, पण आपला 'द्वेष'ही या शब्दाला पुरत नाही. जुनं वाचायला लागलात की खंत आणि सल बरोबर ठेवा.

दगडफूल

@सांजवेळ, हरकत मान्य. मी फक्त बोलीचं लिहिलं होतं. आजच्या भाषेतही तो जुना अर्थ जोडशब्दांत जिवंत आहे. 'ह्वे-हन्' म्हणजे पश्चात्ताप, 'यी-हन्' म्हणजे मरेपर्यंत राहिलेली खंत. आणि 'छौ-हन्' म्हणजे वैर. एकाच घरात दोन्ही नांदतात.

स्टेथोस्कोप

मी चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतोय. आमच्यासारखी महाराष्ट्रातली बरीच मुलं इथे आहेत. वर्ग इंग्रजीत, पण वॉर्डात पेशंटशी चिनीतच बोलावं लागतं.

हन् मी पहिल्यांदा नीट ऐकला तो एका वयस्कर डॉक्टरांच्या तोंडून. एक विद्यार्थी हुशार, पण अभ्यास करत नव्हता. त्याला समोर उभं करून म्हणाले, 'हन् थ्ये पू छङ काङ'. लोखंडाचं पोलाद होत नाही याचा हन्. मला वाटलं आता याला काढून टाकतात. तर त्याच संध्याकाळी त्यांनी त्याला बसवून दोन तास शिकवलं.

इथल्या मित्राने समजावलं. ज्याच्यावर माया आहे, ज्याच्याकडून आशा आहे, त्याच्याचबद्दल हे म्हणतात. परक्याबद्दल नाही. आईवडील मुलांबद्दल सतत म्हणतात.

चाफेकळी

@स्टेथोस्कोप, म्हणजे 'पोरासाठी जीव तुटतो' ना? राग आहे, पण तुटतोय जीव.

स्टेथोस्कोप

बरोबर तेच!

पोलाद

आयडीला जागून लिहितो. धातुशास्त्र हा माझा व्यवसाय आहे.

भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडात कार्बन साधारण चार टक्के असतो, म्हणून ते ठिसूळ. पोलाद करायचं म्हणजे तो दोन टक्क्यांच्या खाली, बहुतेक वेळा एकाच्याही खाली आणायचा. म्हणजे पोलाद होण्यासाठी लोखंडात घालायचं कमी आणि काढून टाकायचं जास्त असतं. चीनमध्ये ओतीव लोखंड ख्रिस्तपूर्व काळापासून होतं, आणि वितळलेलं लोखंड हवेत ढवळून त्यातला कार्बन कमी करण्याची रीतही त्यांनी फार लवकर बसवली. ही म्हण ज्या समाजात रुजली तिथे हे काम किती मेहनतीचं आहे ते लोकांना माहीत होतं.

आगगाडी

हे वाचून माझे वडील मला रोज काय सांगत होते ते कळलं. कार्बन काढ.

सोलापुरी

अवांतर : चिनी शिकणाऱ्या मराठी माणसांचा धागा आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं नाव अजून आलं नाही, म्हणून लिहितो. जन्म सोलापूरचा, १९१०. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. जपानशी युद्ध चाललेल्या त्या मुलखात त्यांनी चिनी शिकून घेतली आणि पुढे चिनीतूनच वैद्यकाचे वर्ग घेतले. १९४१ मध्ये क्वो छिङलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनह्वा. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, वय अवघं ३२. चीनमधल्या शिच्याच्वाङ शहरात त्यांचं स्मारक आहे आणि सोलापुरात त्यांचं घर जपलेलं आहे. स्टेथोस्कोप, सुट्टीत आलात तर नक्की पाहा.

स्टेथोस्कोप

शिच्याच्वाङचं पाहिलंय. इथल्या म्हाताऱ्या पेशंटना मी भारतीय आहे कळलं की 'ख तीह्वा' हे त्यांचं चिनी नाव घेतात. सोलापूरचं राहिलंय, येईन.

हार्बरलाइन

नाव मुंबईचं असलं तरी राहतो हाँगकाँगला. :) इथल्या कँटोनीज या चिनी बोलीत हाच शब्द उलटा फिरलाय. तिथे बोलीत त्याचा अर्थ तीव्र इच्छा होणं. एखादी गोष्ट खायची फार दिवसांची ओढ असेल तर हाच शब्द. त्यातून आलेला 'हन्-च्या' (लग्नासाठी उतावीळ) हा शब्द आता मँडरिनमध्येही रुळलाय.

सांजवेळ यांचं वाचल्यावर मला हे जुळलेलं दिसतं. जे मिळालं नाही त्याचा सल, आणि जे मिळावं म्हणून तगमग, यात फार अंतर नाही.

सांजवेळ

सुंदर. आणि मँडरिनचा 'हन्-पु-त' याच जातीचा. 'हन्-पु-त आत्ता घरी उडून जावं', म्हणजे कधी एकदा घरी जाईन असं झालंय. यात द्वेषाचा लवलेश नाही. फक्त शक्य नाही म्हणून तडफड.

काजवा

हे मात्र मराठीतून चटकन कळतं. 'असं वाटतं, आत्ताच्या आत्ता...' चाफेकळी, तुमच्या मूळ मुद्द्याच्या बाजूने एक मत माझंही धरा.

बोरूबहाद्दर

एक राहिलं. तिरस्कार. बरेच मराठी शब्दार्थ हन् = तिरस्कार असं लिहितात. ते नको. तिरस्कारात समोरच्याला खाली लेखणं आहे, त्याला चिनीत 'पीश' किंवा 'खान-पु-छी' आहे. हन् आपल्याहून मोठ्या, बलाढ्य माणसाबद्दलही असतो, किंबहुना जास्त करून असतोच. जमीनदाराबद्दल कुळाला वाटतो तो हन्, कुळाबद्दल जमीनदाराला वाटतो तो पीश.

आणि जोर द्यायचा असेल तर 'हन् त याओ-या-छ्ये-छ्', इतका द्वेष की दात चावतो. आपले दातओठ खाणं. इथे भाषांतर करावंच लागत नाही.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सांजवेळ, ती ८०६ ची कविता वर्गात मागवली आहे, शिक्षिका खूश झाल्या.

आता सराव म्हणून काही वाक्यं मांडते, तपासा :

सोमवार : थाओयेन.
प्रिंटर : फान-सऽ-ल.
दुकानातली पिशवी महाग वाटली : श्येन क्वे.
वरिष्ठांनी सर्वांसमोर बोल लावले : वो शङ था त छी.
भावाने अभ्यास सोडला : हन् थ्ये पू छङ काङ.
एका मैत्रिणीने माझ्या आईच्या आजारपणात पैसे बुडवले : वो हन् था.

शेवटचं खरं आहे, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. आणि त्यावरून एक प्रश्न. आता ते मनात राहिलेलं नाही, तर ते कसं सांगायचं? 'हन् केला नाही' असं नाही म्हणायचं मला. होता, आता नाही.

दगडफूल

सगळी बरोबर आहेत. वरिष्ठांसाठी शङछी निवडलात हे विशेष आवडलं, तिथे हन् फार झाला असता.

शेवटच्यासाठी वाक्याच्या टोकाला 'ल' लावा. 'वो पू हन् था ल'. पू म्हणजे नाही. हा ल भूतकाळाचा नाही, स्थिती बदलल्याचा आहे. आधी होतं, आता राहिलं नाही. आणि 'एकेकाळी केला होता' एवढंच म्हणायचं असेल तर 'वो हन् क्वो था'. क्वो म्हणजे तो अनुभव येऊन गेला.

बोरूबहाद्दर

म्हणताना एक लक्षात ठेवा. 'पू' एरवी चौथ्या सुरात, पण पुढे चौथाच सूर आला की तो दुसरा, म्हणजे चढता होतो. हन् चौथा आहे, त्यामुळे पू वर चढवा आणि हन् ला खाली सोडा.